मंगळवारी तीनला येते

फळ्यावर चौदा कागद होते. त्या चौदा कागदांवर मिळून पन्नास टिकल्या होत्या आणि उरलेल्या पाच तिच्या तळहातावर घामाने चिकटून बसल्या होत्या.

टिकल्या म्हणजे दुकानात मालावर किंमत लिहून चिकटवतात तसल्या, गोल, लाल कागदाच्या. चर्चच्या पंच मंडळात अकरा जण. प्रत्येकाला पाच मिळाल्या होत्या. वाटणारे भाचेबुवा. ते खजिनदारांचे भाचे. खजिनदारांनी ओळख करून देताना "हा माझा भाचा" एवढंच सांगितलं आणि तेव्हापासून सगळ्यांनी त्यांना तेच नाव पाडलं. कंपन्यांना पसारा आवरायला शिकवणं हा त्यांचा व्यवसाय. मामांच्या शब्दाखातर ते या चर्चचा पसारा आवरायला आले होते.

पसारा होता, यात वाद नव्हता. गायनमंडळ, मुलांची रविवारची शब्बाथ शाळा, तरुण संघ, महिला मंडळ, इमारत निधी, बाग, जुने कपडे, वाचनालय (तिथून पुस्तक नेणारा माणूस एकच, आणि तोच ग्रंथपाल) असं करत करत चौदा कामं झाली होती. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, कुणालाही नाही म्हणता येत नसे. जो कुणी नवी कल्पना घेऊन येई त्याला ते "वा, करा सुरू" म्हणत, आणि सुरू झालेलं काही बंद करण्याचा विषय निघाला की त्यांचा चेहरा असा पडे की विषय काढणाऱ्यालाच अपराधी वाटावं. त्यामुळे माणसं तीच आणि कामं चौदा. सगळे थकले होते, सगळे एकमेकांवर चिडले होते.

"प्रश्न एकच आहे," भाचेबुवा सुरुवातीला म्हणाले होते. "आपण सगळ्यात चांगलं काय करतो? त्या कागदावर टिकल्या लावा. बाकीचं सोडून द्यायचं."

प्रश्न तिला मनापासून आवडला होता. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करायची. चर्चमध्ये सगळे तिला लॅबच्या ताई म्हणत. नेमका प्रश्न ऐकला की तिला बरं वाटे. तसे प्रश्न चर्चमध्ये फारसे कुणी विचारत नसे.

मग माणसं उठली आणि फळ्याकडे गेली, आणि तिच्या डोक्यात तिडीक जायला सुरुवात झाली. चष्मेवाले पहिले. चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि चर्चमध्ये गायनमंडळ, आणि दोन्ही ठिकाणी ते मालकाच्याच तोऱ्यात वावरत. त्यांनी पाचही टिकल्या गायनमंडळावर डकवल्या. मागून त्यांच्या मेहुण्याने पाच तिथेच लावल्या. खजिनदारांनी, ते बांधकामाची कंत्राटं घेत, पाचही इमारत निधीवर लावल्या. वाचनालयावर ग्रंथपालाच्या पाच. पाळकसाहेबांनी कुणाचं मन दुखायला नको म्हणून पाच वेगवेगळ्या कागदांवर एकेक लावली, त्यातली एक गायनमंडळावर. गायनमंडळाच्या अकरा झाल्या. बाकी कुणी सहाच्या वर गेलं नाही.

"ताई, तुमच्या राहिल्या," भाचेबुवा म्हणाले.

"माझा कागदच नाही इथे."

"कुठला?"

"बसायला जाणं."

भाचेबुवांना ते कळलं नाही. बाहेरच्या माणसाला कळण्यासारखं नव्हतंच. घरात कुणी दीर्घ आजारी असलं, स्मृतिभ्रंशाच्या आजाराने ग्रासलेलं असलं, की त्या घरी जाऊन दोन तास बसायचं. बस, एवढंच. म्हणजे घरच्या माणसाला तेवढा वेळ झोपता यावं, बाहेर जाऊन येता यावं, नाहीतर नुसतं भिंतीकडे बघत बसता यावं. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. "काही लागलं तर सांगा" असं म्हणायची या मंडळीत पद्धतच नव्हती. रविवारी उपासना संपली की दाराजवळच्या लांब बाकाशी कुणीतरी येई आणि वार, वेळ सांगून मोकळं होई: "मंगळवारी तीनला येते." येऊ का असं विचारणं नाही, आणि त्यावर आभारही नाहीत. आणि आलेला माणूस तीनलाच येई. तो सल्ला देत नसे, आजारी माणूस काहीबाही बोलला तर त्याला दुरुस्त करत नसे, आणि घरचं माणूस परत आल्याशिवाय उठत नसे. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी बसून बसून मंडळीतल्या निम्म्या माणसांना हे अंगवळणी पडलं होतं.

तिने हे सगळं चार वाक्यांत सांगितलं.

"छान आहे," भाचेबुवा म्हणाले. "प्रमुख कोण?"

"कुणी नाही."

"बैठका केव्हा असतात?"

"नसतात."

चष्मेवाले हसले. "अहो ताई, ही झाली साधी माणुसकी. ती काय चर्चचं काम म्हणून मांडायची? उद्या म्हणाल, कुणी शिंकलं की आपण 'गॉड ब्लेस यू' म्हणतो, त्याचाही कागद लावा."

सगळे हसले. पाळकसाहेबही हसले आणि मग तिच्याकडे बघून त्यांनी हसू आवरलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण घरी त्या दिवसापुरती थांबलेली मदतनीस बाई साडेचारला निघून जाणार होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. तिने पाचही टिकल्या तळहातावरून सोलून काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि ती उठली. पाठीमागे भाचेबुवा सांगत होते की निकाल अगदी स्पष्ट आहे.

*

निकालाचं नाव ठरलं 'महागायन'. दोन महिन्यांनी मोठा जाहीर कार्यक्रम, शंभर जणांचं गायनमंडळ, बाहेरून वादक, भाड्याचे दिवे. आता एकच काम करायचं तर सगळ्यांनी त्यात यायचं, हेही ओघाने आलं. संध्याकाळी हॉल परीक्षांच्या शिकवणीला दिलेला असे, म्हणून तालमी दुपारी ठेवल्या. मंगळवार आणि गुरुवार, तीन ते पाच. दुपारी मोकळं कोण असतं? निवृत्त झालेली माणसं आणि घरी असणाऱ्या बायका. बसायला जाणारी माणसं नेमकी हीच. हे त्या खोलीत एकाच्याही लक्षात आलं नाही, आणि जिच्या आलं असतं ती घरी निघून गेली होती.

तिला ते रविवारी बाकाशी कळलं. शिवणवाल्या मावशी तिच्याजवळ आल्या. मावशींचं शिवणकामाचं दुकान; नजर कमी झाल्यावर ते सुनेकडे सोपवलेलं. गेली दोन वर्षं दर मंगळवारी तीनला त्या तिच्या घरी येत. बटणांचा डबा घेऊन येत आणि मास्तरांसमोर ओतत.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून सगळ्यांचे मास्तर. आता त्यांना फक्त शाळाच आठवत होती. घर म्हणजे शाळा आणि ती म्हणजे कुणीतरी सहशिक्षिका. "बाई, तुमचा तास आहे का हा?" असं ते तिला दिवसातून दहादा विचारत. पूर्वी 'अगं' म्हणायचे.

"अगं, मंगळवारी आता तालीम आहे बघ," मावशी म्हणाल्या. त्यांना तिच्या डोळ्याला डोळा देववत नव्हता. "पाळकसाहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले. मला उंच सुरात घातलंय. मी आणि उंच सूर! सून म्हणते, शेजारी तक्रार करतील."

"दुसऱ्या दिवशी?"

"बुधवारी मी त्या बेकरीवाल्याच्या आईकडे असते ना. आणि गुरुवारी परत तालीम. बाकीचे वार दुसऱ्या घरांना दिलेत." मावशींनी तिचा हात दाबला. "दोन महिन्यांचा प्रश्न आहे."

बेकरीवाला पुढे आला. तिला वाटलं, हा वार सांगेल. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "ताई, काही लागलं तर सांगा हं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत या बाकाशी हे वाक्य तिने पहिल्यांदा ऐकलं. आणि मग एकदा बांध फुटावा तसं झालं, पाठोपाठ ग्रंथपाल म्हणाला, चष्मेवाल्यांचा मेहुणा म्हणाला, आणि जिन्यावरून उतरताना खुद्द पाळकसाहेब म्हणाले, "काही लागलं तर संकोच करू नका." काय लागणार होतं? काय लागतं ते या सगळ्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या आयांसाठी, बापांसाठी, सासवांसाठी कुणी ना कुणी येऊन बसलं होतं. लागलं तर सांगा म्हणजे आता मागायचं तुम्ही, आणि नाही म्हणायचं आम्ही, असा त्याचा सरळ अर्थ होता. तिच्या तोंडून "बरं" निघालं. घरी पोचेपर्यंत त्या एका "बरं"चा तिला स्वतःचाच राग येत राहिला.

मंगळवारची दुपार म्हणजे तिची झोप. रात्री मास्तर चार-पाच वेळा उठत, शाळेला उशीर झाला म्हणून चपला शोधत, कडी काढत. सकाळी सातला लॅब, त्या वेळेत मदतनीस बाई. घरी आल्यावर पुन्हा ती आणि मास्तर. आठवड्यातून एकदा तीन ते पाच ती दार लावून सलग झोपे. त्यावर बाकीचा आठवडा ढकलत असे.

पहिला मंगळवार तिने चहावर काढला. दुसऱ्या मंगळवारी मास्तरांनी दुपारभर फाटकाशी उभं राहून मुलं सोडायची वेळ झाली म्हणून आरडाओरडा केला, आणि ती त्यांच्या बाहीला धरून उभी राहिली. त्या आठवड्यात लॅबमध्ये व्हायचं ते झालं. रक्ताच्या काचेवर शंभर पांढऱ्या पेशी मोजून त्यातल्या कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं असतं. हे काम ती झोपेतही करू शकेल असं सगळे म्हणत. एका काचेवर ती मोजता मोजता पेंगली, आणि पुढे त्याच संख्या दुसऱ्याच रुग्णाच्या नावासमोर लिहिल्या. एक सात वर्षांची मुलगी होती, एक चाळिशीचा माणूस. लॅबच्या डॉक्टरांना आकडे विचित्र वाटले म्हणून त्यांनी काच पुन्हा बघितली. नाहीतर ते कागद तसेच बाहेर गेले असते.

"एकदा झालं, ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "परत झालं तर मला तुम्हाला काचांवरून काढून नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवावं लागेल. तुम्हीच सांगा, मी दुसरं काय करू?"

डॉक्टरांचं बरोबर होतं, आणि त्यामुळेच तिला जास्त संताप आला. तो त्यांच्यावर नव्हता. त्या मुलीच्या कागदावर चुकीचे आकडे पडले ते कशामुळे, याची साखळी तिला टोकापासून टोकापर्यंत दिसत होती, आणि दुसऱ्या टोकाला चौदा कागद, पन्नास टिकल्या आणि चष्मेवाल्यांचं हसू होतं.

*

तिसऱ्या मंगळवारी दुपारी तिने मास्तरांना धुतलेला शर्ट घातला, त्यांच्या खिशात पेन अडकवलं आणि त्यांना घेऊन ती चर्चच्या हॉलमध्ये गेली.

तालीम रंगात आली होती. साठेक माणसं चार रांगांत उभी, समोर चष्मेवाले हात वर करून. भाचेबुवा एका खुर्चीवर बसून काहीतरी टिपत होते. मास्तर दारात थबकले. त्यांनी रांगा पाहिल्या, आवाज ऐकला, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला.

"हा गोंगाट कसला चाललाय?" ते कडाडले. "बसा खाली!"

साठ माणसं खाली बसली. कुणी कुणाला सांगितलं नाही. चष्मेवाले तेवढे हात वर करून उभे राहिले.

"तुम्ही वर्गशिक्षक का?"

"मी... म्हणजे तसं..."

"मग वर्ग ताब्यात ठेवा." मास्तरांनी खिशातलं पेन काढलं. "हजेरी झाली का? एक!"

"हजर, सर," पहिल्या रांगेतून शिवणवाल्या मावशी म्हणाल्या.

"दोन!"

"हजर, सर." तो बेकरीवाला होता.

अशी हजेरी सतरापर्यंत गेली. अठरावा नंबर खुर्चीवरच्या भाचेबुवांवर आला. ते उठून, अगदी अदबीने, म्हणाले, "काका, ही शाळा नाहीये. हे चर्च आहे. तुम्ही आता निवृत्त..."

"शूः!"

हा आवाज एका माणसाचा नव्हता. चारही रांगांतून एकदम आला होता.

"दुरुस्त करायचं नसतं त्यांना," मावशी दबल्या आवाजात म्हणाल्या.

"हजर म्हण," खजिनदारांनी मागून भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि खाली बस."

"हजर," भाचेबुवा म्हणाले आणि बसले. पण त्यांची नजर रांगांवरून फिरत राहिली.

"ताई," चष्मेवाले आता सावरले होते, "अहो तालीम चालू आहे. थोडा विचार करा. यांना असं इथे आणायचं म्हणजे..."

"घरी बसायला कुणी नाही," ती म्हणाली. "बसणारे सगळे इथे उभे आहेत."

"म्हणून काय सगळा कार्यक्रम बंद पाडणार? सांगायचं होतं. आम्ही काहीतरी केलं असतं."

"सांगितलं होतं. तुम्ही शिंकेचा विनोद केलात."

कुणीतरी खाकरलं. मास्तर दुसऱ्या रांगेपर्यंत पोचले होते, आणि तिथला प्रत्येक जण आपल्या नंबरावर हजेरी देत होता.

"मला झोप हवी आहे," ती म्हणाली. तिने घरून बरंच काही ठरवून आणलं होतं, पण पहिलं हेच बाहेर पडलं आणि त्यामुळे आवाज चिरकला. "मला गाणं नको, दिवे नकोत, माझ्यासाठी प्रार्थनासुद्धा करू नका हवं तर. दोन तास झोप. ती तुम्ही मला देत होता. इतकी वर्षं, कुणी न सांगता, फुकट देत होता, आणि या गावात दुसरं कुणीही देत नाही. दवाखाना देत नाही, नातेवाईक देत नाहीत, माझा सख्खा भाऊ फोनवर रडतो आणि ठेवून देतो. तुम्हाला ते येतं! आत्ता पाहिलंत ना? साठ माणसांना ठाऊक आहे यांच्याशी कसं बोलायचं. आणि त्या साठ माणसांना तुम्ही उंच सुरात उभं केलंय."

"यावर आपण एक उपसमिती..." पाळकसाहेब बाजूच्या दारातून आत येत म्हणाले.

"उपसमिती माझ्या घरी येऊन बसणार आहे का, पाळकसाहेब?"

पाळकसाहेब दारातच थांबले.

"ताई, मतदान झालं होतं," चष्मेवाले म्हणाले. "सगळ्यांना विचारूनच ठरलं."

"कुणाला विचारलंत? काम करणाऱ्यांना. प्रत्येकाने आपल्याला काय करायला आवडतं ते सांगितलं आणि तुम्ही त्याला चांगलं काय करतो असं नाव दिलंत. ज्याच्यासाठी करता त्याला विचारलंत? तुमच्या दुकानात माणूस चष्मा न्यायला येतो, तेव्हा नंबर बरोबर आहे का हे तुम्ही तो स्वतःच्या नाकावर ठेवून ठरवता?"

मागच्या रांगेत कुणालातरी हसू फुटलं. चष्मेवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी कागद गोळा केले आणि "अशाने काही होत नाही इथे" असं म्हणत ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

भाचेबुवा मामांकडे वळले. "मामा, आजीच्या वेळी घरी कुणी येत होतं का असं?"

"दर शुक्रवारी. ह्या मावशी. दीड वर्ष."

"मग मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस, चर्चची कामं सांगा," खजिनदार चिडून म्हणाले. "हे काय काम आहे? हे आपलं... असतं."

मावशी रांगेतून बाहेर आल्या. "चला सर," त्यांनी मास्तरांचा हात धरला, "तुमच्या ऑफिसात जाऊ. मला कुठे उंच सूर लागतोय!" आणि जाता जाता चष्मेवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "कुणालाच लागत नाहीये, खरं विचाराल तर."

*

भाचेबुवा त्या दिवसानंतर दहा दिवस दिसले नाहीत. तिला वाटलं, पायाला पाय लावून पळाले. पण ते घरोघर फिरत होते. मंडळीतल्या एकतीस घरांत जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला: चर्च तुमच्यासाठी जे करतं त्यातलं काय थांबलं तर तुमचं अडेल?

पंच मंडळाच्या बैठकीत त्यांनी उत्तरं वाचून दाखवली. एकोणीस घरांनी सांगितलं की कुणी बसायला येतं, किंवा पूर्वी येत असे. चार घरांनी मुलांची शब्बाथ शाळा सांगितली. सात घरांना काहीच सुचलं नाही. एका घराने गायन सांगितलं.

"बघा," चष्मेवाले म्हणाले, "निदान एक तरी."

"ते तुमचंच घर," भाचेबुवा म्हणाले. "तिथे दोन उत्तरं मिळाली. तुमचं धरलं, वहिनींचं सोडलं."

या वेळी हसायची कुणाची छाती झाली नाही. "आणि चूक माझी होती," भाचेबुवा पुढे म्हणाले. "मी टिकल्या चुकीच्या माणसांच्या हातात दिल्या."

पाळकसाहेबांनी हात जोडल्यासारखे केले. "मग एकदम सोपं आहे. पंधरावा कागद लावू या. महागायनही होऊ दे, हेही होऊ दे. कुणालाच दुखवायला नको."

ती खुर्चीतून उठलीच. "पाळकसाहेब, पंधरावा कागद म्हणजे माझ्या तोंडाला पानं पुसणं आहे. माणसं तीच, मंगळवार एकच. मावशी तीन वाजता एकतर हॉलमध्ये असतील नाहीतर माझ्या घरी. दोन्हीकडे नाही असणार. तुम्ही कधीतरी एकदा कुणालातरी नाही म्हणा हो! मला म्हणा हवं तर. मी निदान दुसरी सोय तरी बघेन."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग चष्मेवाल्यांकडे न बघता ते म्हणाले, "महागायन नको."

हात वर झाले. सात बाजूने, चार विरुद्ध. शब्बाथ शाळा ठेवायची, बसायला जाणं ठेवायचं, रविवारची उपासना आहेच. बाकी सगळं थांबवायचं, दुपारी हॉलला कुलूप. चष्मेवाले तिथल्या तिथे उठले. पुढच्या रविवारी ते, त्यांचा मेहुणा आणि चांगल्या गळ्याची नऊ माणसं दुसऱ्या चर्चमध्ये गेली. उपासनेतलं गाणं तेव्हापासून ऐकवत नाही असं झालं, आणि ग्रंथपाल तिच्याशी बोलेनासा झाला. तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्या चौघांतल्या एकानेही बैठकीत मास्तर कसे आहेत हे विचारलं नव्हतं, हे ती विसरली नाही.

पाळकसाहेबांना आता तिच्यावर उपदेश करायचा होता. "तुमचं उदाहरण देतो मंडळीपुढे," ते म्हणाले.

"मी उदाहरण नाही. मला घरी जायचंय."

भाचेबुवांना कामाला नाव हवं होतं, दारावर फलक हवा होता आणि एक प्रमुख हवा होता. "तुम्हीच व्हा ना, ताई."

"तुम्ही अजून शिकला नाहीत," ती म्हणाली. "ज्या दिवशी याला प्रमुख मिळेल त्या दिवशी त्याच्या बैठका सुरू होतील. आणि त्या तीन ते पाच असतील."

भाचेबुवा मनापासून हसले आणि त्यांनी हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला.

रविवारी बाकाशी गर्दी होती. मावशी आधीच कानकोंड्या झाल्या होत्या. एकोणीस घरांपैकी दोन घरांत त्यांचीच जास्त गरज आहे, एकात तर परवापासून माणूस अंथरुणाला खिळलाय. "तुझ्याकडे दुसरं कुणीतरी," त्या म्हणाल्या. ती काही बोलणार एवढ्यात खजिनदार समोर येऊन उभे राहिले. उंचेपुरे गृहस्थ, नखांत सिमेंट. त्यांनी घसा साफ केला.

"मंगळवारी तीनला येतो."

मंगळवारी ते दोन मिनिटं आधीच आले. मास्तरांनी त्यांना दारातच अडवलं. "गृहपाठ?"

"राहिला, सर."

"बाहेर उभे राहा."

खजिनदार दाराबाहेर जाऊन उभे राहिले, आणि मास्तरांनी आत बोलावल्यावर आत आले. तिने चहाचं विचारलं नाही. त्यांनीही मागितला नाही. ती आतल्या खोलीत गेली, दार लावलं, आडवी झाली. पलीकडून मास्तरांचा आवाज येत होता, मधूनमधून "हो, सर" येत होतं.

खजिनदार कामावर मनगटी घड्याळ घालत. तेच त्यांनी गुडघ्यावर काढून ठेवलं होतं. आतली कूस बदलण्याची हालचाल तीन वाजून अकरा मिनिटांनी थांबली. दार पाच वाजून तेवीस मिनिटांनी उघडलं.

दोन तास बारा मिनिटं.